ठासणीच्या बंदुकीची अवजारं

मामांनी मला नावानं हाक कधी मारलीच नाही. मी कंपनीत मापं तपासायच्या खोलीत होते, म्हणून मी ‘क्वालिटी’. “ओ क्वालिटी, जरा हे बघा,” असं म्हणत ते खांद्यानं दार ढकलून आत यायचे आणि हातातली वस्तू टेबलावर ठेवायच्या आधी खिशातला स्वच्छ फडका अंथरायचे. पेंट शॉपमधला माणूस त्यांच्यासाठी ‘पेंट’ होता, कँटीनचा ठेकेदार ‘जेवण’. स्वतःचं नाव मात्र कुठं लिहिलेलं त्यांना खपत नसे. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा फ्लेक्सवरच्या नावावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवायला लावली होती. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. टूलरूममधले सगळे त्यांना मामा म्हणायचे, तेवढं पुरे.

कंपनी चाकणला. मामा चिंचवडच्या गावठाणात राहायचे, मी चिखलीला. कंपनीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत. त्या सीटचा एक स्क्रू ढिला होता. कितीतरी दिवस ते येता-जाता त्याच्याकडं नुसतं बघत होते. मग एके सकाळी त्या स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसेल असा घासून आणलेला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पिशवीतून काढला, अर्धा फेरा दिला आणि परत ठेवून दिला. मी विचारलं, “मामा, कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरनं झालं असतं की.”

“झालं असतं,” ते म्हणाले. “आणि खाच गेली असती. मग पुढचा माणूस काय करणार?”

हा पुढचा माणूस त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. तो कोण, कधी येणार, याचा पत्ता नसायचा, पण त्याची अडचण होऊ नये म्हणून मामा स्वतःची भरपूर अडचण करून घ्यायचे. घरातला पंखा बंद पडला तेव्हा बेअरिंग काढायला योग्य पुलर मिळेना म्हणून ऐन एप्रिलमध्ये तीन आठवडे घर घामानं निथळलं. शेवटी मामी त्यांच्या ड्यूटीच्या वेळात इलेक्ट्रिशियनला बोलावून मोकळ्या झाल्या. “ह्यांच्या डब्यात सगळ्या जगाची हत्यारं आहेत,” त्या मला म्हणाल्या, “आपल्या घरचा पंखा सोडून.”

तो डबा पत्र्याचा होता, खजुराचा. आत फडक्यांच्या घड्या आणि प्रत्येक घडीत एक अवजार. तीन पाय फुटलेल्या चांदणीसारखा एक स्क्रू ड्रायव्हर, जो जुन्या काळी पलटणीतला शिपाई कमरेच्या पट्ट्याला टांगायचा. बंदुकीच्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, दाबून धरायचा चिमटा. बारीक साखळीला अडकवलेली एक सुई आणि एक एवढासा ब्रश. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्यात तोंडाकडून दारू ओतून वरून गोळी गजानं ठासायची असते तिच्यात, नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं. त्याला कान म्हणतात. त्या कानातून ठिणगी आत जाते. कान बुजला की सुईनं कोरायचा, भोवतालची काजळी ब्रशनं झाडायची. डब्यातली सगळी अवजारं नवी होती, जुन्यांच्या बरहुकूम बनवलेली. काही परदेशातून मागवलेली, बरीचशी मामांनी स्वतः केलेली. खरी जुनी मिळत नाहीत, ते सांगायचे. बंदुका लोकांनी भिंतीवर जपल्या, अवजारं भंगारात घातली.

बंदुकीशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. दिवाळीत ते कानांत कापूस घालून आतल्या खोलीत बसत. कुणी विचारलं, “मामा, बंदूक उडवलीय का कधी?” तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्यांना कुणी दारू पितो का विचारलंय.

हा नाद त्यांना कुठून लागला याबद्दल मी दोन गोष्टी ऐकल्या. भोसरीत रशीदभाईंचं जुन्या लेथचं वर्कशॉप आहे. मामा आणि ते एकाच वर्षी एकाच मालकाकडं कामाला लागले होते. रशीदभाई सांगायचे, तिथं एक म्हातारे गृहस्थ जुन्या बंदुकीचा घोडा दुरुस्तीला घेऊन आले होते. विशीतल्या मामांनी कमान पकडीनं दाबली आणि ती कट्‌कन तुटली. गृहस्थ रागावले नाहीत. दोन्ही तुकडे त्यांनी रुमालात बांधले आणि नमस्कार करून निघून गेले. “शिवी दिली असती तर हा सुटला असता,” रशीदभाई म्हणायचे. मामांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, “तसं काही नाही. मला तो तीन पायांचा स्क्रू ड्रायव्हर आवडला, एवढंच.” दोन्ही खरं असेल.

कामात ते अवघड होते. माप खोटं लिहिलेलं त्यांच्याइतकं कुणाला झोंबत नसे. एकदा त्यांनीच बनवलेला जिग, म्हणजे काम पकडून ठेवायचा साचा, त्यांनी स्वतः माझ्याकडं आणला आणि नापास करून मागितला. फरक इतका किरकोळ होता, की मीही सोडून दिला असता. साहेब म्हणाले, मामा, चालतंय की. मामा म्हणाले, “चालतंय हे माप नाही.” तो जिग पुन्हा करण्यात चार दिवस गेले आणि तेवढे दिवस लाइनवरची माणसं त्यांच्या नावानं खडे फोडत होती.

त्याच लाइनवर दत्ता होता. चाकणच्या पुढं डोंगराच्या कडेला त्याचं गाव. घरची निम्मी जमीन कारखान्याला गेली होती, उरलेल्या निम्मीवर त्यांनी दुमजली बंगला बांधला होता. चहाच्या सुट्टीत तो मोबाईलवर हॉलचे फोटो दाखवत होता. टीव्हीच्या वर भिंतीला एक लांबलचक बंदूक आडवी धरून सुतार उभा होता. खापरपणजोबांपासून घरात आहे, पोलिसांत नोंद आहे, दसऱ्याला तिची पूजा होते, असं दत्ता सांगत होता. आता तिला मागून एलईडीची पट्टी लावायची, दोन क्लँप ठोकायचे.

मामांनी फोटो बोटांनी मोठा केला. “हा स्क्रू कुणी खाल्ला?”

“कुठला, मामा?”

“घोड्याचा. खाच बघ कशी फाटलीय.” मग त्यांनी फोटो सरकवत सरकवत नळीच्या तोंडापर्यंत नेला. “दत्ता, ही रिकामी आहे ना?”

दत्ता हसला. “शंभर वर्षांची आहे, मामा.”

“ते नाही विचारलं मी.”

दत्ताला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी चहा तसाच ठेवला. “सुताराला सांग, भोक पाडू नको. रविवारी येतो.” माझ्याकडं वळून म्हणाले, “क्वालिटी, तुमची स्कूटर आहे ना?”

रविवारी मी पुढं, मामा मागं, त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक लांब लाकडी काठी. नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या रांगेतून जाताना ती काठी दोनदा ट्रकच्या चाकात जाता जाता राहिली.

दत्ताचे वडील, आबा, पंचाहत्तरीचे. पांढरी टोपी, ताठ पाठ. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पण आमचं येणं त्यांना रुचलं नव्हतं. दत्तानं आम्हाला आधीच सांगितलं होतं, की बंदुकीला आबा कुणाला हात लावू देत नाहीत, सुतारानं ती धरली तेव्हा ते घरी नव्हते. दसऱ्याला ओवाळायचं तेही त्यांनीच. पोराटोरांना अंगणात पाठवून, एकट्यानं, निरांजनाचं ताट लांब धरून. गावातले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला घराण्याचा अभिमान आहे.

फक्त माप घेतो असं आबांना सांगून मामांनी बंदूक दत्ताला आणि मला धरायला लावली आणि तिचं तोंड उघड्या दारातून डोंगराकडं केलं. काठी हळूहळू आत सरकवली. अडली तिथं, नळीच्या तोंडाशी, काठीवर पेन्सिलनं खूण केली. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाजूनं, खूण तोंडाशी जुळवून, आडवी धरली. काठीचं टोक कानापर्यंत पोचायला हवं होतं. ते वीतभर आधीच संपलं.

“म्हणजे?” दत्तानं विचारलं.

“वीतभर काहीतरी आहे आत.”

सोफ्यावर दत्ताची बायको लेकीला मांडीवर घेऊन कार्टून बघत होती. तिनं लेकीला उचललं आणि ती बाहेर गेली.

“गंज आसंल,” आबा म्हणाले. “माती आसंल. ऱ्हाऊ द्या तिला जागेवर.”

“गंज असेलही,” मामा म्हणाले. “पण मला माहीत नाही. आणि माहीत नाही तोवर ती भरलेलीच धरायची.”

मला तेव्हा एकदम लक्षात आलं, की इतकी वर्षं दर दसऱ्याला या घरात बंदुकीच्या कानासमोर निरांजन फिरत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. मामांच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं.

आबांचा विरोध मोडायला तासभर लागला. कानातून सिरिंजनं आणि तोंडातून तांब्यानं नळीत पाणी भरायचं, रोज भरत राहायचं, म्हणजे दारू असली तर भिजून मरेल, असं मामांचं म्हणणं. आबा म्हणाले, देवाला कुणी बुचकळून ठेवतं का? शेवटी दत्ता म्हणाला, “आबा, लोक देव पाण्यात घालून बसतात की. आपण बंदूक घालू.” आबा उठून आत गेले. बंदूक जुन्या गोठ्यात, दोन खांबांमध्ये, तोंड वर करून उभी बांधली गेली.

आता आतलं काढायला अवजार हवं होतं. त्यासाठी दोन प्रकार लागतात, मामांनी मला समजावलं. एक आकडा, म्हणजे एकमेकांभोवती पिळलेली दोन पोलादी नखं, चिंध्या ओढून काढायला. दुसरा गोळीचा स्क्रू. तो शिशाच्या गोळीत रुतवून गोळी उपसायची. दोन्ही बंदुकीच्या गजाच्या टोकावर बसवतात. अशी नवी बनवलेली अवजारं परदेशात मिळतात. तिकडं हौशी लोक जुने गणवेश घालून खोट्या लढाया खेळतात, त्यांच्यासाठी.

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत मामा मराठीत सांगायचे, मी मोबाईलवर इंग्रजीत लिहायचे. “त्यांना विचारा, तुमच्या आकड्याचे आटे इंचाला किती? पीळ डावा की उजवा? नखाची जाडी टोकाला किती, बुडाला किती?” निम्म्या दुकानदारांनी उत्तरच दिलं नाही. एकानं कळवलं, की आमचं अवजार बहुतेक सगळ्या बंदुकांना बसतं. मामा दिवसभर धुमसत होते. “बहुतेक! बहुतेक म्हणजे किती मिलिमीटर?” आणखी एकानं लिहिलं, की गिऱ्हाइकानं इतके प्रश्न पहिल्यांदाच विचारले. त्याच्याकडून आम्ही मागवलं.

पार्सल कस्टममध्ये अडकलं. वर ‘बंदुकीचं सामान’ असं लिहिलं होतं, मग अडकणारच. पत्र आलं तसे आम्ही रजा टाकून गेलो. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे विचारलं, हे नेमकं कशासाठी? मामांनी तिथलाच एक वर्तमानपत्राचा कागद मागून घेतला, त्याची नळी केली, आत स्वतःचा रुमाल कोंबला, मग बाईंच्याच परवानगीनं खोक्यातला आकडा घेऊन तो आत घातला, दोन फेरे दिले आणि रुमाल बाहेर ओढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले.

“बाटलीचं बूच काढतात तसंच की,” बाई म्हणाल्या.

“तसंच,” मामा म्हणाले. “फक्त बाटली अडीच हात लांब आहे आणि उडू शकते.”

बाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं, आणखी दोन कागद भरून घेतले आणि खोकं दिलं.

ते अवजार बसलं नाही. गजाच्या टोकाचे आटे वेगळे होते. मामा दत्ताकडून गज घेऊन आले, कंपनीच्या गेटवर ‘लोखंडी सळई, जुनी, एक’ अशी नोंद करून. मी साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत तो प्रोजेक्टरखाली ठेवला. पडद्यावर आट्यांची सावली पन्नासपट मोठी उमटली. कुठल्याही तक्त्याशी ती जुळेना. आमचे मिलिमीटरचे आटे नाहीत, जुने इंचाचे नाहीत. शिवाय प्रत्येक आटा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा. मला वाटलं मामा निराश होतील. ते पडद्याच्या इतके जवळ गेले, की त्यांच्या नाकाची सावली मध्ये आली.

“हातानं पाडलेत,” ते म्हणाले. “कानसीनं. एकेक करून.” त्या आठवड्यात ते मामींशीही नीट बोलत होते म्हणे.

पुढचे चार रविवार रशीदभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेले. कंपनीचं पोलाद मामांनी कधी वापरलं नाही. कुदळवाडीच्या भंगारातून त्यांनी एका जुन्या स्प्रिंगची तार शोधून आणली होती. तिची दोन टोकं तापवून एकमेकांभोवती पिळायची, मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल असतानाच बुडवून कडक करायचं. पहिला आकडा पाणी देताना तडकला. दुसऱ्याचा पीळ सैल पडला. तिसरा मला बरा वाटला, मामांनी तो रशीदभाईंच्या खिळ्यांच्या डब्यात फेकून दिला. गोळीच्या स्क्रूवर सर्वांत जास्त वेळ गेला. त्याला मागं पितळेची चकती लावली, म्हणजे तो नळीच्या मधोमध राहील आणि आतल्या बाजूला ओरखडा काढणार नाही. तयार झाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढं फडक्यावर ठेवला. मी मापं घेतली आणि म्हटलं, “पास.” त्यांनी मला मापं पुन्हा घ्यायला लावली.

या काळात दत्ता सांगायचा, आबा जेवत नाहीत नीट. दिवसभर गोठ्यात बाज टाकून बसतात. कुणी हाक मारली तर चिडतात.

काढायच्या दिवशी मामांनी सगळ्यांना बंगल्याच्या पलीकडं पाठवलं. आबांनाही. गोठ्यात ते आणि बॅटरी धरायला मी. बंदूक दोन लाकडी ठोकळ्यांत, चामडं लावून, आडवी आवळली होती, तोंड डोंगराकडं. मामा नळीच्या बाजूला उभे राहिले, समोर नाही. पुन्हा एकदा कानातून पाणी सोडलं. मग गजाला आकडा लावून आत घातला, हळू फिरवला आणि ओढला. नखांत अडकून एक काळीनिळी चिंधी बाहेर आली. त्यांनी ती फडक्यावर पसरली, आकडा काढला आणि गोळीचा स्क्रू बसवायला घेतला.

“त्ये माज्या सदऱ्याची बाही हाय.”

आबा दारात उभे होते. आम्हाला कळलंही नव्हतं.

मामांनी वळून बघितलं. आबा आत आले. आवाज मोठा होता, जणू चावडीवर बोलतायत. “ती भरल्याली हाय. म्या भरली. बापाला न इचारता. लगीन व्हायच्या आदी.” पुढं आता जे काही येईल ते ऐकायला ते उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तसंच वाटलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. त्या बंदुकीखाली त्यांची मुलं रांगली होती, नातवंडं झोपली होती.

मी काय बोलणार होते कुणास ठाऊक. मामांनी विचारलं, “दारू किती घातलीत? मापानं की मुठीनं?”

आबांनी डोळ्यांची उघडझाप केली. “मुठीनं.”

“भरून मूठ?”

“भरून.”

“वर काय? गोळी?”

“गोळी कुठली. सायकलीचं छर्रे घातल्यालं. मूठभर. आन वरून ही चिंधी.”

“छर्रे आणि दारूच्या मध्ये काही?”

“काथ्या.”

“पोलादी छर्रे ना? सायकलचे?”

“व्हय.”

मामांनी हातातल्या स्क्रूकडं बघितलं. चार रविवारांचं काम होतं ते. ते त्यांनी गजावरून उतरवलं आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. “बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “शिशाची गोळी समजून मी हा फिरवत बसलो असतो. पोलादावर पोलाद घासलं असतं. बसा तिथं. आणखी विचारायचं आहे.”

आबा बाजेवर बसले. मामा विचारत गेले, ते सांगत गेले. दारू कुठली, कोरडी होती का, गजानं किती वेळा ठासली, घोडा किती मागं ओढला होता. मामा वहीत लिहीत होते. दहा मिनिटांनी आबांचा आवाज साधा झाला होता. गुडघे दुखतात ते डॉक्टरला सांगावं, इतका साधा. का केलं, का लपवलं, हे मामांनी विचारलंच नाही.

छर्रे काढायला लागलं ते अवजार मामांच्या शर्टाच्या खिशातच होतं, मशीनमध्ये पडलेले स्क्रू उचलायचा पेनाएवढा मॅग्नेट. तो त्यांनी गजाच्या टोकाला तारेनं बांधला. गंजून एकमेकांना चिकटलेले छर्रे गोळ्यागोळ्यानं बाहेर येत होते. मग काथ्या, त्याला आकडा लागला. शेवटी ओल्या शेणासारखी काळी दारू. मामांनी ती खड्ड्यात ओतून वर दोन बादल्या पाणी टाकलं. काठी पुन्हा आत घातली. ती बरोबर कानापर्यंत गेली.

दत्ता धावत आला. “काय निघालं, मामा?”

“भरलेली होती,” मामा म्हणाले. “रिकामी केली.”

“कुणी भरली असंल?”

“ते काठीला कळत नाही.”

आबा विहिरीकडं चालत गेले होते. त्या दिवशी आम्ही तिथंच जेवलो. दत्ताच्या बायकोनं मामांना तीनदा वाढलं. क्लँप कसे लावायचे, खाली चामडं कसं घालायचं, हे मामांनी सुताराला चित्र काढून दिलं आणि एलईडीच्या पट्टीबद्दल काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून लोक मामांना बोलावू लागले. घरात बंदूक आहे, बघून जा. मामा काठी घेऊन जायचे. बहुतेक रिकाम्या निघायच्या. ‘बहुतेक’ हा शब्द माझा, त्यांच्या वहीत नेमका आकडा असायचा.

पुढच्या हिवाळ्यात मामा निवृत्त झाले. शेवटचा दिवस पहिल्या पाळीचा होता. हार, शाल, एक भिंतीवरचं घड्याळ. भाषण करा म्हटल्यावर ते म्हणाले, “टूलरूममधल्या तिसऱ्या कपाटाची किल्ली अडते. जोर लावू नका, तेल घाला.” आणि खाली बसले.

आम्ही गेटबाहेर आलो तेव्हा सिक्युरिटीच्या शेडमध्ये बाकावर आबा बसलेले होते. दुपारी बारापासून. सिक्युरिटीनं आत सोडलं नव्हतं आणि आबांनी दत्ताला फोनही करू दिला नव्हता. आम्ही तिघं समोरच्या टपरीवर गेलो. चहा आला. रस्त्यानं नव्या गाड्या लादलेले ट्रेलर एकामागून एक जात होते. त्यांचा आवाज संपायची वाट बघत आबा थांबायचे, तोवर पुढचा यायचा. शेवटी ते त्या आवाजातच बोलले.

“तुमी मला इचारलं न्हाई. का सांगितलं न्हाई म्हनून.”

“ते माझ्या कामाचं नव्हतं,” मामा म्हणाले.

“तरी ऐका.” आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “रानात डुकरं यायची. म्या म्हनलं मारतो, बापाला दावतो. पहाटं बसलो व्हतो. आली. हितनं त्या गेटच्या खांबाइतकी लांब. मादी व्हती, मागं चार पिल्लं. म्या धरला नेम. आन मला चाप वडवला न्हाई.” त्यांनी खाली ठेवलेली बशी बोटानं सरळ केली. “घरात समदी म्हनायची, ही बंदूक लढाईवरनं आल्याली हाय. आमच्यात कुनी भ्यालं न्हाई कवा. बापाला काय सांगू? भरली आन उडवाया भ्यालो? तशीच टांगली खुंटीला. उद्या काडू म्हनलं. बाप मेला. मग कुनाला सांगायचं? माज्या पोरास्नी?”

मामांनी चहा संपवला. कप पालथा करून शेवटचा थेंब झटकला.

“ओढला नाहीत ते बरं झालं,” ते म्हणाले. “बुडाशी भेग होती नळीला. आतून, केसाएवढी. चाप ओढला असता तर डुकराला काही झालं नसतं. नळी तुमच्या तोंडावर फुटली असती.”

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. “भेग व्हती?”

“होती.”

“तवा बी व्हती?”

“जुनी होती. कडा पार गंजलेल्या.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्यावरून एकदा हात फिरवला.

त्या दिवशी गोठ्यात नळी धुऊन कोरडी झाल्यावर मोबाईलला जोडायची कॅमेऱ्याची वायर मीच आत सोडली होती. तोंडापासून बुडापर्यंत, दोनदा. मी सांगत होते आणि मामा शेजारी बसून वहीत लिहीत होते. गंज. खड्डे. डाव्या बाजूला दोन ओरखडे. भेग नाही.

आबा माझ्याकडं वळले. “बाई, तुमी बी बघितली व्हती?”

मामा रस्त्यावरच्या ट्रेलरकडं बघत होते.

“हो आबा,” मी म्हणाले. “चांगली बोटभर लांब होती.”